बंदिस्त राजवट आणि सामाजिक संशोधनाची नीती : सोव्हिएत रशियातील अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

सामाजिक शास्त्रांच्या संशोधनपद्धतीवरील पाठ्यपुस्तकांत नीतिविषयक प्रकरण बहुधा अखेरीस येते. उत्तरदात्याची संमती घ्यावी, त्याचे नाव गुप्त ठेवावे, सामग्रीत फेरफार करू नये, निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडावेत, अशी सूत्रे तेथे दिलेली असतात. या सूत्रांत चूक काढण्यासारखे काही नाही. परंतु ती एक विशिष्ट समाज गृहीत धरतात. त्या समाजात संशोधकाला प्रश्न विचारण्याची, उत्तरदात्याला उत्तर नाकारण्याची आणि वाचकाला निष्कर्ष वाचण्याची मोकळीक असते. यांपैकी एकही मोकळीक जेथे उपलब्ध नाही, तेथे संशोधकाचे कर्तव्य काय ठरते? खरे आकडे गोळा करणे हेच जेथे अपराध ठरू शकते, आणि गोळा केलेले खरे आकडे राज्यकर्त्यांच्या हाती पडल्यास उत्तरदात्याचीच हानी होऊ शकते, तेथे संशोधन करावे की करू नये?

हा प्रश्न केवळ तात्त्विक पातळीवर सोडविता येण्यासारखा नाही. ज्यांच्यावर तो प्रत्यक्ष गुदरला त्यांच्या कामाचा इतिहास तपासणे अधिक उपयुक्त ठरते. या दृष्टीने सोव्हिएत रशियाचे उदाहरण विशेष बोलके आहे. नियोजनाधिष्ठित राज्याला आकड्यांची भूक अपार होती आणि त्याच राज्याला आकड्यांचे भयही तितकेच होते. प्रस्तुत लेखात सोव्हिएत काळातील शेतीविषयक अभ्यास, १९३७ ची जनगणना, स्टालिनोत्तर काळातील समाजशास्त्र आणि लोकमत चाचण्या या टप्प्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

चायानोव्ह आणि शेतकरी कुटुंबाचे अंदाजपत्रक

रशियात समाजाच्या सांख्यिकीय पाहणीची परंपरा क्रांतीपूर्वीची आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या झेम्स्त्वो या स्थानिक स्वराज्य संस्थांनी १८७० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबांच्या पाहण्या सुरू केल्या. कुटुंबात माणसे किती, जमीन किती, घोडे आणि गाई किती, धान्य किती पिकले, किती विकले, बाहेरची मजुरी किती मिळाली, याच्या तपशीलवार नोंदी या पाहण्यांत आढळतात. जगातील अन्य देशांत त्या काळी एवढ्या बारकाईने शेतकऱ्याचा संसार मोजला गेल्याची उदाहरणे थोडीच असतील.

अलेक्सांद्र चायानोव्ह (१८८८–१९३७) यांनी याच सामग्रीवर आपला सिद्धांत उभा केला. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुख्य ग्रंथाचा विषय शेतकरी कुटुंबाच्या शेतीचे संघटन हा होता. जे कुटुंब मजुरी देत नाही, स्वतःच्याच माणसांच्या श्रमावर शेती करते, त्याच्या हिशेबाला भांडवली कारखान्याचा नफा-तोट्याचा हिशेब लागू पडत नाही, असे त्यांनी दाखविले. घरात खाणारी तोंडे किती आणि राबणारे हात किती, यांच्या प्रमाणावर कुटुंब किती कष्ट उपसणार हे ठरते. लहान मुलांचे कुटुंब ओढगस्तीत असते. मुले कर्ती झाली की तेच कुटुंब अधिक जमीन कसू लागते. पुढे वाटण्या होतात आणि चक्र पुन्हा आरंभापाशी येते.

वरवर पाहता हे निव्वळ शेती-अर्थशास्त्र आहे. परंतु त्याचा राजकीय अर्थ स्फोटक होता. खेड्यातील मोठा शेतकरी हा वर्गशत्रू, म्हणजे ‘कुलक’, आहे, या गृहीतावर सामूहिकीकरणाची सारी मोहीम उभी राहणार होती. तो मोठा शेतकरी बऱ्याच अंशी कर्त्या मुलग्यांचा बाप असतो आणि वीस वर्षांपूर्वी तोच लहान शेतकरी होता, असे झेम्स्त्वोच्या नोंदी सांगत असतील, तर वर्गाची रेषा कोठे ओढायची? डिसेंबर १९२९ मध्ये मार्क्सवादी शेतीतज्ज्ञांच्या परिषदेत स्टालिन यांनी या विचारपंथावर नाव घेऊन हल्ला चढविला. १९३० मध्ये ‘श्रमिक शेतकरी पक्ष’ नावाच्या, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेल्या पक्षाचा कट रचल्याच्या आरोपावरून चायानोव्ह आणि अर्थशास्त्रज्ञ निकोलाय कोन्द्रात्येव्ह यांना अटक झाली. चायानोव्ह यांना पुढे अल्मा-आता येथे हद्दपारीत ठेवण्यात आले आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. कोन्द्रात्येव्ह यांचा शेवट १९३८ मध्ये तसाच झाला. १९८७ मध्ये सोव्हिएत न्यायालयाने या मंडळींना निर्दोष ठरविले, तेव्हा चायानोव्ह हयात असते तर नव्याण्णव वर्षांचे असते.

चायानोव्ह यांचा सिद्धांत निर्दोष होता असे नाही. वर्गभेदाच्या वास्तवाकडे त्यांनी कमी लक्ष दिले, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो पुढेही अनेकांनी घेतला. मुद्दा असा की या आक्षेपाची शहानिशा नव्या पाहण्यांनी आणि वादविवादाने व्हावयास हवी होती. ती पोलिसी चौकशीच्या खोलीत झाली, आणि त्या चौकशीपाठोपाठ झेम्स्त्वोची सबंध परंपराच खंडित झाली.

या कथेचा एक धागा भारतापर्यंत येतो. चायानोव्ह यांचा ग्रंथ इंग्रजी वाचकांपर्यंत १९६६ मध्ये पोहोचला. त्याच्या तीन संपादकांपैकी एक होते डॅनियल थॉर्नर. अमेरिकेतील मॅकार्थी पर्वात सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिल्यामुळे त्यांना पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील पद गमवावे लागले होते. १९५० च्या दशकात त्यांनी आणि ॲलिस थॉर्नर यांनी भारतात राहून येथील जमीन आणि शेतमजुरी यांचा अभ्यास केला. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’ या साप्ताहिकात ते लिहीत असत. त्याच साप्ताहिकात १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांच्या लेखाने लहान शेताची एकरी उत्पादकता आणि कुटुंबाचे श्रम यांविषयीच्या वादाला तोंड फोडले आणि नंतरच्या काळात चायानोव्ह यांचे नाव त्या वादात वारंवार येऊ लागले. एका राजवटीने गाडलेले पुस्तक उकरून काढण्याच्या कामात दुसऱ्या राजवटीने नोकरीवरून घालविलेला अभ्यासक असावा, हा योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. संशोधनावरील निर्बंध ही एकाच विचारप्रणालीची मिरासदारी नव्हती, एवढे तरी तो दाखवितो.

१९३७ ची जनगणना

सोव्हिएत संघाची १९२६ ची जनगणना लोकसंख्या सुमारे १४ कोटी ७० लाख दाखविते. त्यानंतर सक्तीचे सामूहिकीकरण झाले, लक्षावधी कुटुंबांची उचलबांगडी झाली आणि १९३२–३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गा आणि उत्तर कॉकेशस या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. दुष्काळ पडला हेच राज्याने मान्य केलेले नव्हते. उलट जानेवारी १९३४ मधील पक्षाच्या सतराव्या अधिवेशनात लोकसंख्या १६ कोटी ८० लाख झाल्याचे स्टालिन यांनी जाहीर केले. १९३५ मध्ये, लोकसंख्या दरवर्षी सुमारे ३० लाखांनी वाढत असल्याचा दाखला त्यांनी सुबत्तेचे गमक म्हणून दिला. नियोजनाच्या कागदांत १९३७ साठी १८ कोटींचा अंदाज धरलेला होता.

म्हणजे गणना होण्यापूर्वीच उत्तर ठरलेले होते. ते ज्यांनी ठरविले त्यांनी गणनेचा आदेशही दिला, ही यातील विलक्षण गोष्ट. आपलाच आकडा खरा आहे अशी त्यांची खात्री असावी, किंवा आकडे आज्ञेत राहतात असा विश्वास असावा. प्रश्नावलीचा मसुदा स्टालिन यांनी स्वतः तपासला, काही प्रश्न गाळले आणि धर्माविषयीचा प्रश्न घातला. ६ जानेवारी १९३७ हा गणनेचा दिवस ठरला. जुन्या पंचांगाप्रमाणे ती नाताळची पूर्वसंध्या होती. सैन्य, तसेच गुप्त पोलिसांच्या ताब्यातील छावण्या यांची मोजणी त्या त्या खात्यांनी स्वतंत्रपणे केली.

मोजणी संपली तेव्हा एकूण लोकसंख्या सुमारे १६ कोटी २० लाख भरली. तीन वर्षांपूर्वी जाहीर केलेल्या आकड्यापेक्षाही ती सुमारे ६० लाखांनी कमी होती. धर्माच्या प्रश्नाचे उत्तर याहून अडचणीचे होते. सोळा वर्षांवरील सुमारे ९ कोटी ८४ लाख लोकांपैकी ५ कोटी ५३ लाख, म्हणजे निम्म्याहून बरेच अधिक लोकांनी, आपण श्रद्धावान असल्याचे नोंदविले. चर्च बंद पाडण्याच्या, पाद्र्यांना तुरुंगात टाकण्याच्या काळात, सरकारी प्रगणकासमोर, स्वतःच्या नावानिशी हे उत्तर लिहून दिले गेले होते.

येथे क्षणभर थांबून उत्तरदात्याच्या बाजूने विचार करणे आवश्यक आहे. खरे सांगावे तर नाव यादीत जाईल, खोटे सांगावे तर मनाशी आणि देवाशी प्रतारणा होईल, अशी ही कोंडी होती. काहींनी खरे दडविले असणार हे उघड आहे, आणि म्हणून ५ कोटी ५३ लाख हा आकडा किमान समजावा लागतो. प्रगणकाने तोंडी दिलेले गोपनीयतेचे आश्वासन अशा वेळी कितपत पुरे पडते? भारतात १९४८ च्या जनगणना अधिनियमाने वैयक्तिक नोंदी पाहण्यास खुल्या नसतील आणि न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या जाणार नाहीत अशी तरतूद केली आहे. ही तरतूद रुक्ष कायदेशीर वाटली तरी तिचे मोल, ती जेथे असून नसल्यासारखी होती त्या देशाकडे पाहिल्यावर कळते.

आता मोजणाऱ्यांकडे वळू. जनगणना विभागाचे प्रमुख ओलिंपी क्वितकिन, लोकसंख्या विभागातील मिखाईल कुर्मान आणि मध्यवर्ती सांख्यिकी प्रशासनाचे प्रमुख इव्हान क्रावाल यांच्यापुढे दोन मार्ग होते. टेबलावर बसून साठ-सत्तर लाख माणसे जन्माला घालणे हा पहिला, आणि बेरीज आली तशी कळविणे हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. मार्च १९३७ मध्ये कुर्मान यांनी तयार केलेल्या टिपणात, जन्ममृत्यूच्या नोंदींवरून काढलेली अपेक्षित लोकसंख्या आणि प्रत्यक्ष गणना यांत तफावत का पडते याची कारणे दिलेली होती. नोंदच न झालेले मृत्यू हे त्यांपैकी एक. म्हणजे दुष्काळ हा शब्द न वापरता दुष्काळाचा हिशेब मांडलेला होता.

त्याच महिन्यात क्वितकिन आणि कुर्मान यांना अटक झाली. क्वितकिन यांना त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या आणि क्रावाल यांचाही बळी गेला. कुर्मान छावणीत गेले, जिवंत राहिले आणि त्यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. २५ सप्टेंबर १९३७ रोजी सरकारने ही जनगणना सदोष ठरवून रद्द केली. सांख्यिकी शास्त्राची मूलतत्त्वे पायदळी तुडविल्याचा ठपका तिच्यावर ठेवण्यात आला. खऱ्या आकड्याला अशास्त्रीय ठरविण्यासाठी शास्त्राचीच भाषा वापरली जावी, यापरती विटंबना नाही.

जानेवारी १९३९ मध्ये पुन्हा गणना झाली. या वेळी धर्माचा प्रश्न नव्हता. १७ कोटी ६ लाख असा आकडा जाहीर झाला आणि तो फुगविलेला असल्याचे पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९३९ चे गणक भित्रे होते असा शेरा मारणे सोपे आहे. पूर्वसूरींचे काय झाले हे त्यांना ठाऊक होते, त्यांना घरेदारे होती. त्यांच्याविषयी निवाडा देताना दूरच्या आणि सुरक्षित काळातील अभ्यासकाने हात आखडता घ्यावा हे बरे.

परंतु १९३७ च्या गणकांच्या कृतीचे प्रयोजन काय होते, हा प्रश्न उरतोच. त्यांचे निष्कर्ष कोणी वाचू शकले नाही, धोरण बदलले नाही, मृतांना न्याय मिळाला नाही. उपयुक्ततेच्या कसोटीवर त्यांचे संशोधन संपूर्ण निष्फळ ठरले. तथापि तक्ते नष्ट झाले नव्हते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभिलेखागारे खुली होऊ लागली तेव्हा ते बाहेर आले, आणि १९३० च्या दशकातील मनुष्यहानीचा अंदाज बांधणाऱ्या इतिहासकारांना त्यांच्यावाचून पाऊल पुढे टाकता येईना. बेरीज ‘दुरुस्त’ केली असती तर हा पुरावा कायमचा गेला असता. संशोधनाचा वाचक पन्नास वर्षांनंतरचा असू शकतो, हे गृहीत धरून त्यांनी काम केले असेल असे म्हणता येत नाही. त्यांनी बहुधा एवढेच मानले असेल की बेरीज ती बेरीज.

‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’

स्टालिन यांच्या मृत्यूनंतर समाजशास्त्र या शब्दावरील बहिष्कार हळूहळू सैल झाला. १९५८ मध्ये सोव्हिएत समाजशास्त्रीय संघटना स्थापन झाली. १९६० मध्ये बोरिस ग्रुशिन यांनी ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ या युवकांच्या दैनिकात लोकमत संस्था सुरू केली. लेनिनग्राडमध्ये व्लादिमीर यादोव्ह आणि त्यांचे सहकारी तरुण कामगारांच्या श्रमविषयक वृत्तीचा अभ्यास करू लागले. १९६८ मध्ये विज्ञान अकादमीत समाजसंशोधनाची स्वतंत्र संस्था निघाली. हा बहर अल्पजीवी ठरला. युरी लेवादा यांनी मॉस्को विद्यापीठात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना दिलेली समाजशास्त्राची व्याख्याने १९६९ मध्ये छापली गेली आणि त्यांत पक्षनिष्ठ दृष्टी नसल्याच्या कारणावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांचे प्राध्यापकपद गेले. १९७२ मध्ये संस्थेचे नेतृत्व बदलले आणि अनेक संशोधक पांगले. लेवादा गणिती अर्थशास्त्राच्या संस्थेत जाऊन बसले, मात्र त्यांचे चर्चासत्र या ना त्या छपराखाली चालू राहिले.

या काळातील सर्वांत अवघड नैतिक प्रश्न तात्याना झास्लाव्हस्काया (१९२७–२०१३) यांच्या कार्यातून पुढे येतो. नोवोसिबिर्स्क येथे अबेल अगानबेग्यान यांच्या संस्थेत त्या सायबेरियातील खेड्यांचा अभ्यास करीत होत्या. तरुण मंडळी खेडे सोडून का जातात, उरलेल्यांचे जीवन कसे आहे, सामूहिक शेतीवरील माणूस कामात मन का घालीत नाही, हे त्यांचे प्रश्न होते. सामग्री भरपूर होती, पण बरीचशी प्रसिद्ध करता येत नव्हती. अहवालांवर ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असा शिक्का असे. अशा स्थितीत संशोधक कोणासाठी लिहितो? जनतेविषयीचे सत्य जनतेला वगळून केवळ राज्यकर्त्यांच्या कानी घालणे ही सल्लागाराची भूमिका झाली आणि ती सत्तेला बळ देणारीही ठरू शकते. ‘भवितव्य नसलेली खेडी’ मोडून लोकांना मोठ्या वस्त्यांत हलविण्याचे धोरण त्या काळी राबविले गेले. पुढे खुलेपणाच्या पर्वात काही लेखकांनी त्याचे खापर झास्लाव्हस्काया यांच्यावर फोडले. तो आरोप त्यांनी नाकारला. धोरण त्यांचे नव्हते हे मान्य केले तरी, संशोधकाची भाषा आणि वर्गीकरणे सत्तेच्या हाती पडल्यावर कोणत्या कामी येतील यावर त्याचा ताबा राहत नाही, हे या वादाने उघड केले.

एप्रिल १९८३ मध्ये एका बंद चर्चासत्रात त्यांनी सादर केलेला निबंध ‘नोवोसिबिर्स्क अहवाल’ म्हणून ओळखला जातो. १९३० च्या दशकात घडलेली केंद्रीभूत व्यवस्थापनपद्धती आता उत्पादक शक्तींना अडसर ठरत आहे आणि सुधारणांना विरोध करण्यात काही गटांचे हितसंबंध गुंतले आहेत, असे प्रतिपादन त्यात होते. भाषा मार्क्सवादी, निदान धक्कादायक. प्रतींवर क्रमांक घातलेले होते, तरीही अहवाल देशाबाहेर गेला आणि ऑगस्टमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्याची बातमी आली. प्रती परत गोळा करण्यात आल्या, चौकशी झाली, झास्लाव्हस्काया आणि अगानबेग्यान यांना पक्षाकडून ताकीद मिळाली. १९३७ शी तुलना करता शिक्षा सौम्य होती. पाच वर्षांच्या आत त्याच झास्लाव्हस्काया देशातील पहिल्या अखिल संघीय लोकमत अभ्यास केंद्राच्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी लेवादा यांना सहकाऱ्यांसह तेथे बोलावून घेतले.

लोकमत आणि भय

या केंद्राने १९८९ मध्ये हाती घेतलेल्या पाहणीचा विषय ‘साधा सोव्हिएत माणूस’ हा होता. राजवटीने घडविलेला हा माणूस पिढी बदलताच नाहीसा होईल, असे लेवादा यांचे आरंभीचे अनुमान होते. पुढील पाहण्यांनी ते खोटे पाडले आणि तसे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळेपणे लिहिले. स्वतःच्या आशेविरुद्ध जाणारी सामग्री स्वीकारणे हीदेखील संशोधननीतीच होय, आणि तिची चर्चा पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. २००३ मध्ये शासनाने केंद्राच्या कारभाराची पुनर्रचना केली तेव्हा लेवादा आणि जवळजवळ सर्व संशोधक बाहेर पडले आणि त्यांनी नवी संस्था उभारली. २००६ मध्ये लेवादा यांचे निधन झाले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या या केंद्राची नोंद सप्टेंबर २०१६ मध्ये ‘परकीय हस्तक’ म्हणून करण्यात आली. त्यामुळे २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीच्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याला प्रसिद्ध करता आले नाहीत.

मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर काही आठवड्यांनी, याच केंद्राच्या पाहणीत ८१ टक्के लोकांनी रशियन सैन्याच्या कारवाईला पाठिंबा दर्शविला. सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरविल्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा त्याच महिन्यात झाला होता. अशा आकड्याचे काय करावे? तो प्रसिद्ध केल्यास राज्याच्या प्रचाराला आयते साधन मिळते. दडपल्यास दडपशाहीचे काम संशोधकच करतो. केंद्राने आकडा प्रसिद्ध केला. पाठिंब्याच्या उत्तराचा अर्थ कसा लावावा यावर तेव्हापासून वाद चालू आहे. तैमूर कुरान यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली कल्पना, की मनातील मत आणि चारचौघांत सांगितलेले मत यांत दडपणाखाली फारकत पडते, या वादात वारंवार येते. मात्र तिचा आधार घेऊन गैरसोयीचे प्रत्येक उत्तर भयापोटी दिलेले आहे असे मानणे हेही अशास्त्रीयच. पाठिंबा देणाऱ्यांत मनापासून देणारे असतात, उदासीन असतात, आणि विचारणाऱ्याला वाटेला लावण्यासाठी सोयीचे उत्तर देणारेही असतात.

या पेचातून वाट काढण्यासाठी यादी-प्रयोग नावाची पद्धत वापरण्यात आली. उत्तरदात्यांचे दोन गट पाडतात. एका गटाला चार निरुपद्रवी विधाने दिली, तर दुसऱ्याला तीच चार आणि पाचवे नाजूक विधान देतात. कोणती विधाने पटतात हे सांगावयाचे नसते, किती पटतात एवढाच आकडा सांगावयाचा असतो. दोन गटांच्या सरासरीतील फरकावरून नाजूक विधान मान्य असलेल्यांचे प्रमाण निघते. फिलिप चापकोव्हस्की आणि मॅक्स शॉब यांनी २०२२ मध्ये केलेल्या अशा प्रयोगात, थेट प्रश्नाला ६८ टक्के लोकांनी युद्धास पाठिंबा दर्शविला होता, तो यादीच्या आड ५३ टक्क्यांवर आला. १५ टक्क्यांची ही फारकत. उरलेल्या ५३ टक्क्यांचा उलगडा भयाने होत नाही.

या पद्धतीत उत्तरदात्याचे संरक्षण संशोधकाच्या शब्दावर अवलंबून नसते. कोणी काय म्हटले हे खुद्द संशोधकालाही कळत नाही, कागद जप्त झाले तरी कोणाच्या नावावर काही सापडत नाही. १९३७ च्या त्या जानेवारीत प्रगणकाच्या तक्त्यात मात्र प्रत्येक उत्तरासमोर एक नाव होते.